वळिवड्याची छावणी

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस काही मैलांवर वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ साली या गावाजवळ पोलंड देशातील सुमारे ५,००० निर्वासितांसाठी छावणी उभारण्यात आली. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. १९४० व १९४१ साली सोव्हिएट सरकारने पोलंडमधील लक्षावधी लोकांना घरांतून उचलून सैबेरिया व कझाकस्तान येथे धाडले होते. तेथील थंडी, उपासमार व रोगराई यांतून जे वाचले, त्यांतील काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले. कित्येक मुलांचे आईबाप वाटेतच मरण पावले होते.

अशा माणसांना अन्न, वस्त्र व निवारा दिला की कर्तव्य संपले, असे पुष्कळांना वाटते. शरीराची झीज काही महिन्यांत भरून निघते; मनातील धास्ती मात्र तशी लवकर जात नाही. उपासमार सोसलेले मूल पोट भरल्यावरही भाकरीचा तुकडा लपवून ठेवते. कोणी रात्री दचकून उठते, कोणी तासन् तास मुकाट बसते. हा हट्ट नव्हे. ती दुखावलेल्या मनाची खूण होय. अशा मुलास ‘झाले गेले विसरून जा’ म्हणणे व्यर्थ असते, आणि सोसलेले सारे सांग म्हणून त्याच्या पाठीस लागणेही बरे नव्हे. त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकून घेणारे विश्वासाचे माणूस जवळ हवे. काहींना वैद्यकीय उपचारही लागतात.

वळिवड्यास कुटुंबांना बराकींत वेगवेगळी बिऱ्हाडे मिळाली. मुलांसाठी शाळा निघाल्या, आणि त्यांत शिक्षण पोलिश भाषेतून चाले. चर्च, रुग्णालय, बालवीर पथके, नाटके, सणवार हे सर्व तेथे होते. परमुलखात स्वतःची भाषा कानी पडली म्हणजे माणसाला आपण कोण, हे पुन्हा आठवते. शाळेची घंटा रोज ठरल्या वेळी वाजू लागली म्हणजे उद्याच्या दिवसावर मुलाचा विश्वास बसू लागतो. मोठ्यांचे औषध काम हेच. आयते अन्न खाऊन दिवस कंठणे स्वाभिमानी माणसास फार जड जाते. म्हणून शिकविणे, शिवणकाम, रुग्णसेवा ही कामे निर्वासितांच्याच हाती असणे हिताचे.

१९४५ साली युद्ध संपले. परंतु अनेकांची गावे आता सोव्हिएट हद्दीत गेली होती. १९४८ पर्यंत छावणी उठली व तेथील माणसे निरनिराळ्या देशांत पांगली. फाळणीनंतर त्याच जागी सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहावयास आली. आज कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच.

छावणीत वाढलेल्या त्या पोलिश मुलांपैकी काही जण २०१९ साली, उतारवयात, वळिवडे पाहण्यासाठी पुन्हा कोल्हापुरास आले होते.