बदकांना त्यांचा खरा रंग: कार्ल बार्क्स यांच्या तैलचित्रांचा मागोवा

कार्ल बार्क्स यांची तैलचित्रे म्हणजे निवृत्तीनंतरचा विरंगुळा, असे समजणारे आजही पुष्कळ आहेत. मला हे मत पटत नाही. ओरेगॉनमध्ये 1901 साली जन्मलेल्या या चित्रकाराने 1942 ते 1966 या काळात अमेरिकन कॉमिक्ससाठी डोनाल्ड डकच्या गोष्टी रचल्या आणि रेखाटल्या. 1947मध्ये अंकल स्क्रूज या कंजूष, धनाढ्य बदकाला जन्म दिला. अंकांवर नाव मात्र वॉल्ट डिस्ने यांचेच असे. बदके उत्तम काढणारा हा माणूस कोण, हे चाहत्यांना 1960च्या सुमारास शोधून काढावे लागले. शिवाय छापून येणारे रंगही त्यांचे नव्हते. बार्क्स काळ्या शाईत पान पुरे करून पाठवत. रंग दुसरेच कोणी भरत आणि ते स्वस्त कागदावर सपाट उमटत. पुढे बहुतेक मूळ पानेही नष्ट झाली. त्यामुळे या बदकांच्या जगाचा रंग आणि उजेड त्याच्या निर्मात्याच्या मनात कसा होता, हे पाहायचे तर तैलचित्रांकडेच यावे लागते.

1971मध्ये एका चाहत्याने जुन्या मुखपृष्ठावरून तैलचित्र करून मागितले. बार्क्स यांनी डिस्ने कंपनीची परवानगी घेतली आणि 1976पर्यंत अशी 122 चित्रे केली. पत्नी गारे या निसर्गचित्रकार होत्या. घरात रंगांचा वावर होताच. बार्क्स यांची स्क्रूजच्या पैशांच्या कोठाराची चित्रे निरखून पाहावीत. कॉमिकच्या चौकटीत नाण्यांचा ढीग म्हणजे पिवळ्या रंगाचा पट्टा. तैलरंगात पुढच्या नाण्यांना कडा आहेत, जाडी आहे, सावली आहे. मधूनच रत्ने चमकतात आणि ढीग मागे खोलवर जातो. सोन्याला वजन आले की स्क्रूजचा त्यात डुंबण्याचा आनंदही खरा वाटू लागतो. तो नुसता कंजूष उरत नाही. प्रत्येक नाण्यावर जीव असलेला म्हातारा दिसतो.

आक्षेप असा की ही चित्रे मागणीनुसार केलेली आहेत आणि विषय पुन्हा पुन्हा तेच येतात. ते खरे आहे. पण मुखपृष्ठावर एक गंमत आणि सपाट पार्श्वभूमी एवढ्यावर भागते. तैलचित्रात आकाश, लाकूड, पाणी, दिवसाची वेळ, सगळेच ठरवावे लागते. विषय जुना असला तरी काम नवे होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बार्क्स यांचे सामर्थ्य गोष्टीच्या वेगात आणि संवादात होते, स्थिर चित्रात ते हरवते. गोष्टकार बार्क्स मोठे, हे मलाही मान्य आहे. पण तैलचित्रे गोष्टींची जागा घेत नाहीत. गोष्टींना जे देता आले नाही, तेवढेच ती देतात.

एका चित्राच्या प्रती विनापरवाना विकल्या गेल्या आणि 1976मध्ये परवानगी थांबली. 1981मध्ये ती 122 चित्रे ग्रंथरूपाने आली, पुढे परवानगीही परत मिळाली आणि बार्क्स यांनी उतारवयातही ब्रश खाली ठेवला नाही. 2000 साली, 99व्या वर्षी ते गेले. ज्या अंकांनी त्यांना मोठे केले, त्यांवर त्यांचे नाव नव्हते. तैलचित्रांवर सही आहे: कार्ल बार्क्स.