विनॉक्सी उंबरठा : एका शास्त्रीय रूपकाचे मापन आणि भाषांतर

शास्त्रीय परिभाषेत स्थिरावलेली रूपके कालांतराने रूपके म्हणून ओळखू येईनाशी होतात. त्यांनी सुचवलेला अर्थ मात्र वाचकाच्या मनावर आपला अंमल चालवीत राहतो. व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्रातील ‘विनॉक्सी उंबरठा’ ही संज्ञा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. शालेय क्रमिक पुस्तकांतील ‘विनॉक्सिश्वसन’ या शब्दाला अनुसरून तिचे पूर्वपद येथे योजले आहे. उत्तरपद तर मराठी घराच्या दारातलेच आहे. या संज्ञेतील दोन्ही पदे वस्तुस्थितीशी पूर्णपणे जुळत नाहीत आणि तिच्या भाषांतरात होणारा घोटाळा प्रसंगी रुग्णाच्या जिवाशी निगडित असतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. फिरत्या पट्ट्यावर किंवा स्थिर सायकलवर एखाद्या व्यक्तीचे श्रम टप्प्याटप्प्याने वाढवत नेले, तर आरंभी रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण विश्रांतीच्या पातळीच्या आसपास, म्हणजे लिटरमागे सुमारे १ मिलिमोल, राहते. विशिष्ट तीव्रतेनंतर ते वाढू लागते. त्यासोबत निर्माण होणारी आम्लता रक्तातील बायकार्बोनेट शोषून घेते. या प्रक्रियेत अधिकचा कार्बन डायॉक्साइड मुक्त होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वसन वाढते. श्रम आणखी वाढल्यास आम्लतेला आवर घालणे शरीराला कठीण होते व श्वसन दुसऱ्यांदा, अधिक वेगाने उसळते. एकाच चढणीवर अशी दोन वळणे आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

संज्ञेची पार्श्वभूमी विसाव्या शतकाच्या आरंभाची आहे. १९०७ साली केंब्रिज येथे फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. ऑक्सिजनविना आकुंचन पावणाऱ्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साचते आणि ऑक्सिजन मिळताच ते ओसरते, असे त्यांनी दाखवले. स्नायूंवरील संशोधनासाठी ए. व्ही. हिल व ओटो मायरहॉफ यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच सुमारास, १९२० साली, हॅरी क्रो बक यांनी मद्रासमध्ये वाय. एम. सी. ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले आणि व्यायाम हा या शहरात पद्धतशीर शिक्षणाचा विषय झाला. ‘लॅक्टेट म्हणजे ऑक्सिजनचा तुटवडा’ हे समीकरण त्या पिढीने गृहीत धरले होते. त्याच समीकरणाच्या आधारावर १९६४ साली वासरमन आणि मॅकिलरॉय यांनी हृदयरुग्णांच्या संदर्भात या उंबरठ्याची संकल्पना मांडली.

हे समीकरण पुढे टिकले नाही. ऑक्सिजन पुरेसा असतानाही काम करणाऱ्या स्नायूत लॅक्टेट तयार होते, असे १९८०च्या दशकातील प्रयोगांतून दिसून आले. त्याच दशकात जॉर्ज ब्रुक्स यांनी लॅक्टेटच्या पेशींमधील देवाणघेवाणीचा सिद्धान्त मांडला. त्यानुसार लॅक्टेट हा टाकाऊ पदार्थ नसून एका पेशीतून दुसरीकडे जाणारे इंधन आहे आणि हृदयाचा स्नायूही ते वापरतो. रक्तातील वाढ म्हणजे निर्मिती आणि विनियोग यांतील तोल ढळणे. अशा रीतीने ‘विनॉक्सी’ या पदाचा आधार निसटला, तरी नाव कायम राहिले. अर्थ बदलूनही शब्द टिकून राहण्याचा हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

खरी अडचण उत्तरपदाची आहे. वासरमन यांच्या परंपरेत ‘उंबरठा’ म्हणजे पहिले वळण. जर्मन परंपरेत १९७६ साली माडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिटरमागे ४ मिलिमोल ही निश्चित पातळी ‘विनॉक्सी उंबरठा’ म्हणून सुचवली. ती साधारणपणे दुसऱ्या वळणाच्या आसपास येते. जर्मन ‘श्वेले’ हा शब्दही दाराच्या उंबऱ्याचाच वाचक आहे. म्हणजे शब्दशः भाषांतर अचूक आहे; पण दोन भाषांतील दोन उंबरे एकाच घराच्या वेगवेगळ्या दारांचे आहेत. १९७९ साली किंडरमन प्रभृतींनी दोन पातळ्या वेगळ्या करून त्यांच्यामधील संक्रमणाच्या पट्ट्याचा विचार मांडला, तो याच कारणाने उद्बोधक ठरतो.

या घोटाळ्याचे परिणाम केवळ धावपटूच्या सरावापुरते मर्यादित नाहीत. १९९३ साली ओल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या शस्त्रक्रियेस सामोऱ्या जाणाऱ्या १८७ वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा उंबरठा दर किलो वजनामागे मिनिटाला ११ मिलिलिटर ऑक्सिजनपेक्षा खाली होता, त्यांच्यात हृदय व रक्ताभिसरणाच्या कारणांनी झालेल्या मृत्यूंचे प्रमाण १८ टक्के, तर त्याहून वर असणाऱ्यांत ०.८ टक्के आढळले. येथे अभिप्रेत आहे ते पहिले वळण. अहवाल लिहिणाऱ्याने दुसरे वळण ‘उंबरठा’ म्हणून नोंदवले, तर आकडा फुगतो आणि धोक्यातील रुग्ण सुरक्षित भासतो. संज्ञेचा अर्थ न सांगता दिलेला आकडा म्हणूनच अपुरा असतो.

स्थळाचाही प्रश्न आहे. चेन्नईतील वातानुकूलित प्रयोगशाळेत ठरलेली हृदयगती पहाटेच्या मरीना किनाऱ्यावर जशीच्या तशी लागू पडत नाही. दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर थंड राखण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. संहिता एकच, पण संदर्भ बदलताच वाचन बदलते.

या ठिकाणी भाषांची साक्ष काढणे उचित ठरेल. मराठीत ‘मी श्वास घेतो’ असे म्हटले जाते. श्रम वाढल्यावर मात्र ‘मला धाप लागते’. कर्ता प्रथमेतून चतुर्थीत जातो. तमिळमध्येही ‘एनक्कु मूच्चु वांगुदु’ अशीच चतुर्थीची रचना आहे. तिचा शब्दार्थ श्वास ‘घेण्या’शी निगडित असला, तरी घेणारा ‘मी’ तेथे कर्ता उरत नाही. अनुभवणारा चतुर्थीत येणे हे दक्षिण आशियाई भाषाक्षेत्राचे परिचित वैशिष्ट्य आहे, हे मान्यच. तथापि श्वसन इच्छेच्या कक्षेतून निकडीच्या कक्षेत जाते, हा बदल दोन भिन्न कुळांतील भाषांनी व्याकरणातच नोंदवून ठेवला आहे. शिवाय ‘दम लागणे’, ‘धाप लागणे’, ‘दमछाक होणे’ या मराठी प्रयोगांची चढती श्रेणी एका रेषेपेक्षा पट्ट्याच्या कल्पनेशी अधिक जवळीक साधते.

भाषा हे येथे मापनाचे साधनही आहे. व्यायाम करताना सहज बोलता येते का, हे पाहणारी ‘संभाषण चाचणी’ प्रयोगशाळेत तपासली गेली आहे. बोलणे अवघड होऊ लागण्याचा क्षण पहिल्या वळणाच्या आसपास येतो, आणि सुखाने बोलणे अशक्य होते ते दुसऱ्याच्या आसपास. अमेरिकेतील काही अभ्यासांत यासाठी तेथील राष्ट्रप्रतिज्ञा म्हणवून घेतली गेली. भारतात असा उतारा निवडायचा, तर १९६२ साली मूळ तेलुगूत लिहिली गेलेली आणि शालेय पुस्तकांतून सर्व भाषांत पोचलेली प्रतिज्ञा सहज सुचते. मात्र तिच्या तमिळ व मराठी रूपांतील वाक्यांची लांबी आणि श्वास घेण्याच्या जागा सारख्या नसतील. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, हे नोंदवणे त्यामुळे हृदयगती नोंदवण्याइतकेच अगत्याचे ठरते.

तात्पर्य, ‘विनॉक्सी उंबरठा’ ही संज्ञा टाकून द्यावी असे नाही. रूढ शब्द असे टाकता येतही नाहीत. परंतु कोणते वळण, कोणती पद्धत, कोणती हवा आणि कोणती भाषा, हे प्रत्येक आकड्यासोबत नमूद झाले पाहिजे. रूपक ओळखून त्याची मर्यादा सांगणे हे साहित्याभ्यासाचे नित्याचे काम आहे. येथे ते काम रुग्णाच्या आणि धावपटूच्याही उपयोगी पडणारे आहे.