दोन घटका श्रवण

व्यापाऱ्याचा देह दिवसभर गादीवर स्थिर असतो. मन मात्र क्षणभरही स्थिर नसते. कापसाचा भाव उतरला काय, संत्र्याच्या बहाराला अवकाळी पावसाने दगा दिला काय, किंवा जुनी उधारी थकली काय, दुकान बंद केल्यावरही हा हिशेब मस्तकात चालूच राहतो. आपल्या पांढुर्णा-सौंसरची पेठ कापूस आणि संत्रे यांच्या लहरीवर जगणारी. येथील व्यापाऱ्यास शांत निद्रा ही नफ्याइतकीच दुर्लभ वाटावी यात नवल नाही. या विकारावर एक अत्यंत स्वस्त उपाय आपल्या वाडवडिलांपाशी होता, आणि तो कानाचा होता.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा नागपूर ही आपल्याच प्रांताची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली, कचेरीची भाषा हिंदी झाली. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. परंतु मध्यमलहरींना नाकी-चौक्या ठाऊक नसतात. त्या भूपृष्ठाला बिलगून चालतात, सातपुड्याच्या टेकड्या त्यांना फारशा अडवीत नाहीत, आणि सूर्यास्तानंतर तर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन त्या अधिकच दूर पोचतात. म्हणून ५८५ किलोहर्ट्झवरील नागपूरची मराठी आपल्या ओसरीवर येत राहिली. जी भाषा सरकारी कागदावरून उतरली, ती कानात टिकली, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या काळी श्रवणास वेळेचे बंधन होते. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' प्रसारित झाले. एकूण ५६ गीते. आठवड्यास एक नवे. १९५२ पासून सिलोनवर बुधवारची 'गीतमाला' असे, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' आली. कार्यक्रम हुकला तर हुकला! या सक्तीमुळे दिवसाला एक खुंटी मिळे. अमुक वाजता रोकडवही मिटावयाची, कंदील पुसून ठेवावयाचा, आणि घरातील सर्वांनी एकत्र बसावयाचे. मनाला विसावा गाण्याने मिळे की या नेमाने, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे; आमच्या मते नेमाचा वाटा लहान नव्हता.

वैद्यकानेही या विषयाकडे लक्ष दिले आहे. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णांवरील २६ चाचण्यांचा, म्हणजे एकूण २०५१ व्यक्तींचा, आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांत संगीत ऐकणाऱ्यांची चिंता कमी झाल्याचे आढळले. रुग्णाचे भय वेगळे आणि व्यापाऱ्याची विवंचना वेगळी, हे खरे. तथापि उपायाला खर्च नाही व पथ्यही फारसे नाही.

पथ्य आहे ते एवढेच की, वाटेल ते ऐकू नये. रात्री झोपण्यापूर्वी बाजारभाव ऐकणे म्हणजे दुकान अंथरुणात आणणे होय. वृत्तवाहिन्यांवरील आरडाओरडीबद्दल तर न बोललेलेच बरे. सांप्रत मोबाइलवर एक ध्वनिफीत संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते. श्रवणाला शेवटच राहिलेला नाही. आपल्या समाजास मर्यादा बाहेरून आणावयास नको. 'श्रावक' हा शब्दच 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून झाला आहे, आणि सामायिकाचा काळ ४८ मिनिटे, म्हणजे दोन घटका, ठरलेला आहे. ऐकावयाचे ते याच मापाने ऐकावे. कानांत यंत्र घालून ऐकणाऱ्या तरुणांनी आवाजही बेताचा ठेवावा. प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मात्र निद्रानाश आठवडेच्या आठवडे टिकला, अन्न गोड लागेनासे झाले, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर गाण्यावर विसंबून राहू नये. ते काम वैद्याचे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेली मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. कर्जाच्या ओझ्याखाली मुकाट बसलेल्या आपल्या व्यवसायबंधूस तो सांगण्यात संकोच कसला?

आणि घरातील वृद्ध मातांचे काय? मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी नागपूर, पुण्यास गेली; मोतीबिंदूने वाचन सुटले; नातवंडांच्या पाठ्यपुस्तकातील हिंदी त्यांच्या जिभेवर रुळली नाही. त्यांच्यासाठी दुपारची मराठी दोन घटका ही करमणूक नसून सोबत असते. आकाशवाणीची अनेक केंद्रे आता मोबाइलवरील 'न्यूज ऑन एअर' या अ‍ॅपवर ऐकता येतात. सुटीत घरी आलेल्या नातवाने आजीस ते लावून द्यावे, बटण कोणते ते दोनदा दाखवावे, आणि पहिला कार्यक्रम तिच्याजवळ बसून ऐकावा.