मावशी, अजून थोडी किमची!

कोरियन जेवण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? टेबलाच्या मधोमध शेगडी, त्यावर चर्रर्र करणारं मांस, ते कापायला चक्क कात्री, हिरव्या बाटल्या आणि समोर बसलेला चिकना हिरो! ड्रामे बघून बघून आपल्या सगळ्यांचा हाच समज झालाय. पण बॉस, सोलमध्ये नोकरी करणारा माणूस रोज दुपारी शेगडी पेटवत नाही. ते त्याच्या पगारात बसत नाही आणि तासाभराच्या लंच ब्रेकमध्येही बसत नाही. तो जातो ऑफिसमागच्या गल्लीतल्या बेकबानवाल्याकडे.

बेकबान म्हणजे शब्दशः ‘पांढरा भात’. एक वाटी भात, एक बाऊल सूप आणि भोवती चार-सहा-आठ छोट्या बशा. मेन्यूकार्ड नाही. घरात आज जे शिजलंय ते तुमच्यासमोर येणार. थोडक्यात आपली खानावळ! गिरणगावातल्या कामगारांना खानावळवाल्या बायकांनी पोसलं, त्याच जातकुळीची ही जागा. फक्त चपातीऐवजी चिकट भात आणि लोणच्याऐवजी किमची.

मी २०२४च्या सप्टेंबरमध्ये प्रोजेक्टसाठी तीन महिने सोलला होते. तिथे गेल्यावर पहिला प्रॉब्लेम भाषेचा येईल असं वाटलं होतं. आला एकटीने जेवण्याचा. ग्रिल आणि मोठ्या भांड्यातले रस्से विकणाऱ्या बऱ्याच ठिकाणी किमान दोघांची ऑर्डर द्यावी लागते. एकटं कुणी दारात दिसलं की वेटर दोन बोटं दाखवतो, आपण एक दाखवायचं, तो मान हलवतो. संपला विषय. गंमत म्हणजे त्याच देशात २०२३ मध्ये ३५.५ टक्के घरांत एकच माणूस राहत होता! एकट्याने जेवण्याला त्यांनी ‘होनबाप’ असा खास शब्दही काढलाय. शब्द निघाला तरी टेबल मिळतंच असं नाही.

बेकबानवाल्याकडे मात्र एकट्याला कुणी अडवत नाही. ताट मुळी एकेकाचंच असतं.

गल्लीतली मावशी

माझी खानावळ छुंगमुरो भागात होती. सोलच्या मध्यावरचा हा जुना छापखान्यांचा इलाखा. अरुंद बोळ, शाईचा वास, कागदाचे गठ्ठे वाहणाऱ्या तीनचाकी मोटरसायकली. पुण्याच्या नारायण पेठेतल्या जुन्या प्रेस ज्यांनी पाहिल्यात त्यांना इथे अजिबात परकं वाटणार नाही. सहा टेबलं, बाहेर मोजून एक पाटी. आत साठी ओलांडलेल्या काकू स्वयंपाक करतात. त्यांचे मिस्टर वाढतात, भांडी घासतात, गल्ल्यावर बसतात आणि मधल्या वेळात आसपासच्या प्रेसमध्ये जेवण पोचवतात. त्यांची एक नणंद भाज्या निवडायला येते. बस्स, एवढाच स्टाफ.

आणि या काकूंना हाक काय मारायची माहितीये? ‘इमो’! कोरियनमध्ये इमो म्हणजे आईची बहीण. म्हणजे आपली मावशी! पन्नाशीचा टाय लावलेला मॅनेजरसुद्धा बिनधास्त ओरडतो, ‘इमो, किमची अजून!’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला इतकं भारी वाटलं, की उगीचच दोनदा किमची मागितली.

बसल्यावर काय करायचं हे शेजारच्या टेबलाकडे बघून कळतं. चमचा आणि स्टीलच्या चपट्या चॉपस्टिक्स टेबलाच्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये. पाणी आपलं आपण आणायचं. भात चमच्याने खायचा, चॉपस्टिक्स बशांसाठी. वाटी हातात उचलायची नाही, ती पद्धत जपानची.

ती झाकणवाली स्टीलची वाटी नीट बघा, कारण तिच्यात एक सरकारी किस्सा दडलाय. एके काळी कोरियात तांदळाची टंचाई होती. आठवड्यातल्या ठरावीक दिवशी दुपारी हॉटेलात भात विकायला बंदी असायची. (आपल्याकडे १९६५ मध्ये शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं, तसाच काळ.) हॉटेलांतून भात कमी खपावा म्हणून सोल शहराने १९७६ मध्ये वाटीचं मापच ठरवून टाकलं. व्यास साडेदहा सेंटिमीटर, उंची सहा, आणि भात वाटीच्या चार पंचमांशच! टंचाई केव्हाच संपली, वाटी राहिली. आज त्याच वाटीतला अर्धा भात डाएटवाल्या पोरी परत पाठवतात.

आता बशा. त्यांना म्हणतात बांचान. सोमवारी मला मिळायचे मोड आलेले सोयाबीन, तिळाच्या तेलातला पालक, मुळ्याच्या तिखट फोडी, गोडसर परतलेले इवलेसे सुके मासे, माशाच्या पिठाची ‘भजी’ आणि किमची. सूप बदलतं. कधी सुक्या माशाचं पांढरं, कधी द्वेनजांगचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं. द्वेनजांगचा वास पहिल्या दिवशी अंगावर येतो आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच वासाने भूक लागते. गुरुवारी भाजलेला गोदुंगो असायचा, म्हणजे आपल्या बांगड्याचा कोरियन चुलतभाऊ. वर मीठ सोडून काही नाही. मालवणी माणसाने डोळे मिटून खावा.

शाकाहारी मंडळींना मात्र एक सावधगिरीची सूचना. किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचं खारं असतं आणि साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणीही सुक्या मासळीचं किंवा बीफचं असू शकतं. ‘नो मीट’ म्हटलं की समोरचा मांसाचे तुकडे काढून देतो, पाणी तेच राहतं. त्यामुळे ‘मासे नको, कोळंबी नको, मांसाचं पाणीही नको’ एवढं सगळं मोबाइलवर कोरियनमध्ये लिहून ठेवा. मग भात, पालक, मोड आणि भाजलेला समुद्री पाला यावर पोट भरतं. भरतं म्हणजे भागतं.

फुकट ते कुणाच्या खिशातून?

बांचान संपलं की पुन्हा मिळतं आणि त्याचे पैसे पडत नाहीत. आपल्याकडे मिसळीवर जादा रस्सा मिळतो ना, तोच फंडा. १९८०च्या दशकात सरकारने सुचवून पाहिलं होतं की गिऱ्हाइकाने बशा निवडाव्यात आणि त्यांचे वेगळे पैसे द्यावेत, म्हणजे नासाडी थांबेल. लोकांनी भीक घातली नाही. बशीभर किमचीचे पैसे मागणारं हॉटेल म्हणजे कंजूष, विषय संपला!

पण ही फुकट बशी येते कुठून? उरलेलं बांचान दुसऱ्याला वाढायला २००९ पासून कायद्याने शिक्षा आहे. (आणि ते योग्यच आहे.) टाकून द्यावं तर २०१३ पासून ओल्या कचऱ्याचे वजना-मापाने पैसे मोजावे लागतात. आणि मी तिथे होते त्याच सप्टेंबरमध्ये उन्हाने कोबीचं पीक झोपलं. किमचीच्या लांबट कोबीचा एक गड्डा दहा हजार वॉनच्या आसपास गेला. काकूंचं अख्खं ताट आठ हजारांचं होतं! म्हणजे एका गड्ड्याची किंमत एका जेवणापेक्षा जास्त. ऑफिसजवळच्या दोन हॉटेलांनी किमची मागितल्याशिवाय द्यायची नाही असं ठरवलं. काहींनी स्वस्त चिनी किमची आणली. तिथे भिंतीवर तांदूळ, कोबी, तिखट कुठल्या देशाचं ते लिहावं लागतं, त्यामुळे सगळं उघड दिसतं. काकूंच्या भिंतीवर ‘कोबी : देशी’ होतं, ते तसंच राहिलं. बशी मात्र लहान झाली.

काकूंची मुलगी माझ्याच वयाची. एका विमा कंपनीत नोकरी. शनिवारी हिशोब लिहायला यायची आणि इंग्लिशची प्रॅक्टिस म्हणून माझ्यासमोर बसायची. एकदा मी बावळटासारखं नाही, मुद्दाम विचारलं, की हे पुढे तू चालवणार का? तिने कॅल्क्युलेटरच काढला. आई-बाबा पहाटे पाचला उठतात, संध्याकाळी सातला शटर ओढतात. दोघांचे मिळून २८ तास. २०२४ मधलं किमान वेतन ताशी ९,८६० वॉन. म्हणजे दिवसाला पावणेतीन लाख वॉनच्या वर. ‘हे पैसे खर्चात लिहिले, तर दुकान तोट्यात आहे. लिहिले नाहीत, तर फायद्यात. आई लिहू देत नाही.’

मला हे ऐकून एकदम आपल्याकडच्या पोळीभाजी केंद्रांतल्या बायका आठवल्या. घरगुती चव, घरगुती दर असं आपण कौतुकाने म्हणतो. तो दर घरगुती असतो कारण घरातल्या बाईचे तास कुणी धरतच नाही! लेकीने ते धरले, एवढाच काय तो फरक. तिचं मला शंभर टक्के पटलं. तरीही सोमवारी मी ते आठ हजारांचं ताट जेवायला गेलेच. पटणं वेगळं, भूक वेगळी.

शिवाय जागेचं टेन्शन आहेच. भाडेकरू दुकानदाराला करार वाढवून मागायचा हक्क तिथे २०१८ मध्ये पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेला. पण दहा वर्षं झाली की पुढे मालकाची मर्जी. छुंगमुरोला लागूनच असलेल्या उल्जिरोत ‘उल्जि ओबी बेअर’ नावाची छोटी बिअरची जागा होती. वडिलांनी १९८० मध्ये सुरू केली, पुढे लेक आणि जावई चालवायचे. २०१८ मध्ये सरकारने तिला ‘शंभर वर्षं टिकावं असं दुकान’ म्हणून पाटी दिली. एप्रिल २०२२ मध्ये भल्या पहाटे तिचं सामान जबरदस्तीने बाहेर काढलं गेलं. पाटीने भाडेकरार वाढत नाही. काकूंच्या मिस्टरांनी हा किस्सा मला हातवारे करून सांगितला होता, शेवटी दोन्ही तळवे झटकून.

नोव्हेंबरमध्ये त्यांनी दारावर हाताने लिहिलेला कागद लावला. आठ हजारांचे नऊ हजार. म्हणजे साधारण साडेपाचशे रुपये. खाली चार ओळी माफीच्या. प्रेसवाले उभ्या उभ्या वाचत होते आणि निमूट आत शिरत होते. एकानेही हुज्जत घातली नाही. ज्याने घातली असती त्याला मीच दोन शब्द सुनावले असते, मराठीत!

तर मंडळी, सोलला गेलात तर शेगडीवालं जेवण एकदा जरूर करा, फोटो छान येतात. पण एक दुपार बेकबानसाठी ठेवा. छापखान्यांच्या गल्लीत, बाजाराच्या मागे, जिथे दारात चपलाबुटांपेक्षा कांद्याची पोती जास्त दिसतील तिथे शिरा. बारा ते एक टाळा, ती वेळ नोकरदारांची आहे आणि तुम्ही टेबल अडवलंत तर त्यांचा ब्रेक बुडतो. संपेल तेवढंच मागा. टिप ठेवू नका, ती पद्धतच नाही. पैसे निघताना गल्ल्यावर द्यायचे. आणि बाहेर पडताना जरा मोठ्याने म्हणा, ‘जाल मोगॉस्सुम्निदा’, म्हणजे छान जेवण झालं. आतून भांड्यांच्या आवाजात कुणीतरी काहीतरी ओरडून उत्तर देईल. कळलं नाही तरी मान हलवा.