सगळा माल काउंटरवर कशाला? पायथनमध्ये लागेल तेव्हाच मॉड्यूल लोड करा

मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या बिलाचा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये केला. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "ताई, प्रोग्रॅम चालतोय, पण उघडायला फार वेळ लावतोय." आज त्याचंच उत्तर देते. कोड टाइप करताना व्हिडिओत दिसेलच, इथे त्यामागचं कारण नीट समजून घेऊ.

आमचं कुंडलला मोटार, पाईप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. इथं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. लाईट गेली की कॉम्प्युटर बंद, आली की परत चालू. दिवसातनं तीन-चार वेळा बिलाचा प्रोग्रॅम नव्यानं उघडावा लागायचा, आणि जुन्या मशिनवर दर वेळी पंधरा-वीस सेकंद जायचे. ऐकायला कमी वाटतं, पण समोर चार शेतकरी उभे असतात आणि प्रत्येकाला रानात पाणी सुरू असताना परत जायचं असतं. सासरे विचारायचे, "बंद पडलं का गं मशिन?"

इम्पोर्ट लिहिल्यावर नक्की काय होतं?

प्रोग्रॅमच्या डोक्यावर आपण इम्पोर्टच्या ओळी लिहितो. पायथन तिथे फक्त नाव नोंदवून पुढे जात नाही. तो चार कामं करतो:

१. हे मॉड्यूल आधीच आणलेलं आहे का, ते सिस डॉट मॉड्यूल्स या यादीत बघतो. असेल तर तेच वापरतो.
२. नसेल तर ठरलेल्या फोल्डरांमध्ये शोधतो. त्या फोल्डरांची यादी म्हणजे सिस डॉट पाथ.
३. सापडल्यावर त्या फाईलमधला कोड वरून खालपर्यंत चालवतो.
४. मग ते नाव आपल्या प्रोग्रॅमला वापरायला देतो.

वेळ खातं ते तिसरं काम. पांडाजसारखं मोठं मॉड्यूल आणलं की ते स्वतःसोबत शेकडो छोटी मॉड्यूल्स ओढून आणतं. पायथन एकदा वाचलेल्या फाईलची तयार प्रत पायकॅश फोल्डरमध्ये ठेवतो, पण त्यानं फक्त वाचायचा वेळ वाचतो. कोड चालवावा तर लागतोच.

आता दुकानाचा विचार करा. सकाळी शटर उघडल्यावर गोडाऊनमधला सगळा माल कुणी काउंटरवर आणून मांडतं का? रोज खपणारे सॉकेट, टेप, सोल्युशन हाताशी असतात. पाच एचपीची मोटार गिऱ्हाईकानं मागितली की मगच आत माणूस पाठवतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये मात्र बिल करायच्या आधीच एक्सेलचं, आलेखाचं, पीडीएफचं अशी सगळी मॉड्यूल्स लोड होत होती. आणि एक्सेलचं काम तीन महिन्यांतनं एकदा, जीएसटीच्या वेळी!

आधी मोजा, मग बदला

अंदाजानं काही हलवू नका. पायथन ३.७ पासून एक सोय आहे. प्रोग्रॅम चालवताना पायथनच्या पुढे 'डॅश एक्स इम्पोर्टटाइम' असा पर्याय दिला की कुठल्या मॉड्यूलला किती वेळ लागला त्याची यादी येते. आकडे मायक्रोसेकंदात असतात, म्हणजे दहा लाख झाले की एक सेकंद. त्यातली सगळ्यात जास्त वेळ घेणारी दोन-तीन नावं पकडा. बाकीच्यांना हात लावू नका, तिथे काही मिळणार नाही.

तीन रस्ते

पहिला आणि सगळ्यात सोपा: इम्पोर्टची ओळ फाईलच्या डोक्यावरनं काढून ज्या फंक्शनला ते मॉड्यूल लागतं त्याच्या आत ठेवा. बटण दाबल्यावर पहिल्यांदा थोडा वेळ जाईल. दुसऱ्यांदा दाबलं की मॉड्यूल यादीत सापडतं, म्हणून ते लगेच चालतं. एकदा आणलेला माल दुकान बंद होईपर्यंत काउंटरवरच राहतो, तसंच. प्रोग्रॅम बंद केला की यादी पुसली जाते.

दुसरा: मॉड्यूलचं नाव आधी माहीतच नसेल तेव्हा. माझा प्रोग्रॅम मी आणखी काही दुकानदारांना दिलाय. कुणाला थर्मल प्रिंटरची अरुंद पावती लागते, कुणाला ए-फाईव्ह कागद. प्रत्येक नमुन्याची वेगळी फाईल आहे आणि कुठली वापरायची ते सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. अशा वेळी इम्पोर्टलिब या मॉड्यूलमधलं इम्पोर्ट-मॉड्यूल हे फंक्शन वापरायचं. त्याला नाव अक्षरांत दिलं की ते मॉड्यूल आणून देतं. नवा नमुना आला की फक्त एक फाईल वाढते, मूळ प्रोग्रॅमला हात लागत नाही.

तिसरा: पायथनलाच सांगायचं की नाव घे, पण खरं काम लागेपर्यंत थांब. त्यासाठी ३.५ पासून लेझीलोडर आहे, पण तो लिहायला किचकट. सगळेच इम्पोर्ट असे आळशी करायचा प्रस्ताव २०२२ मध्ये नाकारला गेला. नंतर आला तो पेप ८१०, ज्यात आपण 'लेझी' शब्द लिहू तेवढेच इम्पोर्ट थांबतात. त्याला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आणि ही सोय पायथन ३.१५ साठी आहे. तोवर आपल्याला पहिले दोन रस्ते पुरेत.

मी पहिला रस्ता धरला. प्रोग्रॅम चार सेकंदांत उघडायला लागला. सासरेही खूश, मीही खूश.

आणि मग १३ जानेवारी

दिवाळीला नवा कॉम्प्युटर घेतला. त्यावर पायथन टाकलं, प्रोग्रॅमचा फोल्डर कॉपी केला, दोन बिलं काढून बघितली. सगळं चालतंय म्हणून निर्धास्त झाले. आम्ही तिमाही रिटर्न भरतो, त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरची जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख १३ जानेवारी. त्या दिवशी मी विट्याला ट्रेनिंग घेत होते, फोन सायलेंटवर. दुकानातल्या पोरानं एक्सेलचं बटण दाबलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: मॉड्यूल नॉट फाउंड.

एक्सेलचं मॉड्यूल नव्या मशिनवर मी टाकलंच नव्हतं! इम्पोर्ट डोक्यावर असतं तर पहिल्याच दिवशी प्रोग्रॅम उघडला नसता आणि मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. मी ती ओळ फंक्शनच्या आत नेली, आणि चूकही तिच्याबरोबर आत जाऊन दोन-अडीच महिने लपून बसली. रात्री आठला घरी आले, मॉड्यूल टाकलं, शीट काढली, हिशेबनिसांना पाठवली. रिटर्न गेलं तेव्हा साडेअकरा वाजले होते.

मंडळी, हा या पद्धतीचा खरा खर्च आहे. वेळ सुरुवातीला वाचतो, पण चूक उशिरा कळते, आणि तीही नेमकी अडचणीच्या वेळी.

म्हणून आता मी हे पाळते

- प्रोग्रॅम उघडताना लागणाऱ्या सगळ्या मॉड्यूल्सची नावं इम्पोर्टलिब डॉट युटिलमधल्या फाइंड-स्पेक या फंक्शनला देते. ते मॉड्यूल लोड न करता फक्त आहे की नाही ते सांगतं. नसेल तर मराठीत सूचना येते: "एक्सेलचा भाग बसवलेला नाही, ताईंना फोन करा."
- फाइंड-स्पेकनं खोकं गोडाऊनमध्ये आहे एवढंच कळतं, आतली मोटार चालू आहे का ते कळत नाही. म्हणून मशिन बदललं की प्रत्येक बटण एकदा स्वतः दाबून बघते.
- मॉड्यूल्सची नावं आणि आवृत्त्या एका रिक्वायरमेंट्स फाईलमध्ये लिहून ठेवते. नव्या मशिनवर एकाच आज्ञेत सगळं बसतं.
- नमुन्याचं नाव सेटिंगमधनं घेताना ते माझ्या ठरलेल्या यादीत आहे का ते तपासते. इम्पोर्ट म्हणजे कोड चालवणं. कुणीही लिहिलेलं नाव थेट लोड करणं म्हणजे अनोळखी माणसाला गल्ल्यावर बसवणं.
- रोज, प्रत्येक बिलाला लागणारं मॉड्यूल डोक्यावरच ठेवते. ते आत नेऊन फायदा काहीच नाही.

गृहपाठ: इम्पोर्टटाइम लावून तुमच्या प्रोग्रॅममधली सगळ्यात जड तीन मॉड्यूल्स काढा आणि प्रत्येकासमोर लिहा, "रोज लागतं" का "कधीमधी लागतं". कधीमधी लागणारी आत न्या, पण आधी तपासणी बसवा. क्रम उलटा करू नका. मी केला होता!