एक दुर्लक्षित प्रश्न : तृतीयपंथीयांचे आरोग्य

आठवडी बाजारात टाळी ऐकू आली की दुकानदार गल्ल्यातून नाणे काढतो. लग्नघरी, नव्या दुकानाच्या मुहूर्तावर तृतीयपंथीयांचा आशीर्वाद शुभ मानला जातो. त्यांनी परत दिलेला रुपया आमच्या घरी धान्याच्या कोठीत जपून ठेवला आहे. पण ज्यांच्या हातचा रुपया आपण जपतो, ती माणसे आजारी पडल्यावर कोठे जातात, याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला असेल? विषय संकोचाचा आहे. हा लेख मी घरी वाचून दाखवू शकणार नाही. परंतु महाविद्यालयातही बोलायचे नाही, तर मग कोठे बोलायचे?

प्रथम आकडा पाहू. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ च्या पाहणीत तृतीयपंथी समाजात एचआयव्हीचे प्रमाण शेकडा ३.१४ आढळले. त्याच वर्षी देशातील प्रौढांमध्ये ते शेकडा ०.२२ असल्याचा अंदाज होता. म्हणजे सुमारे चौदा पट! हे ऐकून कोणी म्हणेल, यांच्यापासून दूर राहिलेले बरे. वस्तुतः जवळजवळ सत्त्याण्णव जणांना लागण नव्हती, हेही तोच आकडा सांगतो.

प्रमाण वाढते कशाने? एक कारण शरीराचे. गुदमार्गाचे अस्तर नाजूक असते, त्याला बारीक जखमा चटकन होतात. निरोध न वापरता त्या मार्गाने संबंध आला, तर विषाणूचा शिरकाव सोपा होतो; मग ती व्यक्ती स्त्री असो, पुरुष असो वा तृतीयपंथी. निरोधाबरोबर पाण्याचे वंगण वापरावे लागते. खोबरेल तेल लावले तर रबर कमजोर होऊन फाटते. इतकी साधी गोष्टही त्यांना सांगणारे कोणी भेटत नाही.

गरमी, म्हणजे उपदंश, हा तर फसवा रोग. त्याचा व्रण बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांनी आपोआप भरून येतो. माणसाला वाटते, बरे झाले. रोग मात्र अंगात राहतो. शिवाय असा व्रण असताना एचआयव्हीलाही वाट मोकळी होते. वेळीच रक्त तपासले, तर पेनिसिलीनने हा आजार बरा होतो.

मग तपासणी का होत नाही? घर सुटलेले, शाळा अर्धवट, नोकरी कोणी देत नाही. पुष्कळांपुढे मागणे किंवा देहविक्रय एवढेच उरते. ज्याचे रात्रीचे जेवण गिऱ्हाइकावर अवलंबून आहे, त्याने निरोधाचा आग्रह किती धरावा? दवाखान्यात जावे, तर पहिला अडसर केसपेपरचा. पुरुष लिहायचे की स्त्री? नाव कोणते पुकारायचे? रांगेतले लोक वळून बघतात, कोणी हसते. भरती करायचे तर कोणत्या वॉर्डात? मग माणूस मागे फिरतो आणि मेडिकलवरून विचारून गोळी घेतो.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि रुग्णालयांत त्यांच्या उपचाराची सोय करण्यास सरकारांना बजावले. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीवाचून एचआयव्हीची तपासणी करता येत नाही. मुंबईत १९९४ साली स्थापन झालेला हमसफर ट्रस्ट आणि गौरी सावंत यांची 'सखी चार चौघी' ही संस्था या क्षेत्रात काम करतात. समाजातलीच माणसे निरोध पोचवतात, दवाखान्यात सोबत जातात. मला वाटते, पत्रकांपेक्षा ही सोबतच अधिक उपयोगी पडत असावी.

आपल्याला जवळचे एआरटी केंद्र म्हणजे शहरातील घाटी रुग्णालयाचे. ही औषधे सरकार २००४ पासून मोफत देते. रोज गोळी घेऊन विषाणूचे प्रमाण तपासणीत सापडणार नाही इतके खाली आले व तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून दुसऱ्यास लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. मात्र गोळीत खंड पडता कामा नये. गंगापूरहून एस.टी.चे तिकीट आणि बुडालेला दिवस, एवढा खर्च तरीही उरतोच. निदान शंका विचारायला १०९७ हा मोफत क्रमांक आहे.