न हलणारा सांधा

नांदेडहून लातूरच्या दिशेने निघालं की ३५-४० किलोमीटरवर लोहा येतं. तुळजापूर-नागपूर महामार्ग इथूनच जातो, कंधारची वाट इथूनच फुटते आणि माळेगावला खंडोबाची यात्रा भरली की जनावरांनी भरलेल्या गाड्यांची तालुक्यात रीघ लागते. अशा गावातल्या गॅरेजवर नव्या गाडीपेक्षा जुनीच जास्त येते. नवी शोरूमला जाते. पाटीवरचे आकडे वाचले तरी गाडीची निम्मी हकीकत कळते. एमएच-२६ म्हणजे नांदेडची, एमएच-२४ लातूरची, आणि एमएच-०४ किंवा एमएच-१२ असेल तर ठाण्यात-पुण्यात दहा-पंधरा वर्षं चालून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे इथे आलेली. गाडी पुढून खट-खट वाजायला लागते, मिस्त्री खाली शिरून पहारीने लोअर आर्म हलवून बघतो आणि सांगतो, बुश गेलं. बुश तसं किरकोळ किमतीचं. पण ते काढायला जो एक बोल्ट सोडावा लागतो, तो कधी पाच मिनिटांत सुटतो आणि कधी अख्खा दिवस खातो. तो काढायला ताकद लागते असा सगळ्यांचा समज आहे. माझं म्हणणं असं की ताकदीचा त्यातला वाटा सगळ्यांत थोडा. बोल्ट नेमका कुठे धरलाय हे ओळखणं हे खरं काम, आणि तो धरलाच जाऊ नये याची सोय बसवणाऱ्याच्या हातात असते. गिऱ्हाईक मात्र पैसे मोजतं ते ठोकाठोकीचे.

आधी हा सांधा कसा असतो ते पाहू. लोअर आर्म म्हणजे चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारा लोखंडी हात. खड्ड्यातून जाताना तो वर-खाली होतो, म्हणून त्याच्या सांगाड्याकडच्या टोकाला बुश असतं: बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि दोन्हींच्या मध्ये चिकटवलेलं रबर. सांगाड्याच्या दोन कानांमध्ये हे बुश बसतं, कानांतून आणि नळीतून आरपार बोल्ट जातो आणि नट आवळला की दोन्ही कान नळीला दोन बाजूंनी घट्ट दाबून धरतात. आता नळी फिरत नाही, बोल्टही फिरत नाही. आर्म हलतो तेव्हा फक्त मधलं रबर पिळतं आणि सुटतं. म्हणजे लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीतही बोल्ट आणि नळी एकमेकांच्या तुलनेत तसूभर हललेले नसतात, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. बोल्टच्या दांड्याभोवती नळीत मिलिमीटरच्या काही दशांशाएवढी फट असते. इतक्या बारीक फटीत पाणी आपण होऊन ओढलं जातं आणि वाळता वाळत नाही. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. फट भरते, मग गंज दोन्हीकडे रेटतो, आणि दोन वेगळे भाग एकजीव झाल्यासारखे होतात.

जुन्या विलिस घराण्यातल्या महिंद्रा जीप ज्यांनी हाताळल्यात त्यांना इथे लगेच फरक दिसेल. त्या जीपच्या कमानीला शॅकल असायचे, शॅकलच्या बुशला आटे आणि डोक्यावर ग्रीस निप्पल. तो सांधा धातूवर धातू घासत हलायचा, म्हणून ठरावीक दिवसांनी ग्रीसगन लावावीच लागे. अँबॅसेडरच्या पुढच्या सस्पेन्शनलाही तेच. दर वेळी नवं ग्रीस आत जाताना जुनं, पाणी-माती घेऊन, कडेने बाहेर पडायचं. रबरी बुश आलं आणि ही कटकट संपली. आवाज कमी झाला, धक्के मऊ झाले, ग्रीसची आठवण ठेवायचं कारण उरलं नाही. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून सर्वसामान्य घरात जी गाडी पोचली ती याच बुशावर चालणारी. ‘देखभाल नको’ हे त्या सांध्याचं वचन खरंही होतं, पण ते बुशच्या एका आयुष्यापुरतं होतं. रबर फाटून बुश बदलायची वेळ येते तेव्हा गाडी बहुधा तिसऱ्या मालकाकडे असते, आणि एवढ्या वर्षांत न लावलेल्या ग्रीसचं बिल त्याच्या हातात पडतं.

इथे कोणी विचारेल की गंज हा कोकणाचा आणि समुद्राचा रोग. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, जिथे चार महिन्यांचा पाऊसही धड पडेल की नाही याची खात्री नाही, तिथे बोल्ट इतके जाम का व्हावेत? युरोपात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि तिथल्या गाड्या खालून सडतात, हे खरं आहे. लोह्याच्या रस्त्यावर मीठ कोणी टाकत नाही. पण गंजाला पाऊस किती पडला याच्याशी कर्तव्य नसतं. लोखंड किती वेळ ओलं राहिलं, ते तो बघतो. इथली भारी काळी माती पाणी धरून ठेवण्यासाठीच प्रसिद्ध आहे. कापूस-सोयाबीनच्या शेतातून बाहेर आलेल्या गाडीच्या लोअर आर्मला ती लिंपल्यासारखी बसते, वरून वाळते आणि आतून कितीतरी दिवस ओली राहते. त्याच गाडीत खताची पोती येतात. युरिया हवेतली ओल ओढतो, पोटॅश तर बहुतेक वेळा क्लोराईडच असतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. जनावरं वाहणाऱ्या पिकअपच्या फळीतून मूत खाली गळतं ते वेगळंच. आणि ठाणे-मुंबईची गाडी खारी हवा अंगात घेऊनच आलेली असते. गाडी इकडे आली म्हणून फटीतला क्षार निघून जात नाही. पहिल्या पावसाची ओल मिळाली की तो पुन्हा कामाला लागतो.

आता तो बोल्ट कसा निघतो ते. कसलेला मिस्त्री आधी पान्याला हात लावत नाही. तारेच्या ब्रशने तो नटाबाहेर आलेले आटे साफ करतो, कारण तिथली माती आणि गंज नटाच्या आत ओढला गेला तर सुटत असलेला नटही वाटेत अडकतो. मग तेल. कोणी डब्ल्यूडी-४० मारतो, जे १९५३ साली अमेरिकेत मुळात धातूवरचं पाणी हटवण्यासाठी तयार झालं. कोणी डिझेल सोडतो. काहीही असो, खरं औषध वेळ असतो. संध्याकाळी भिजवून सकाळी हात घातलेला बोल्ट आणि दहा मिनिटांनी पाना लावलेला बोल्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाना लावायचा तोही सहा कोनी गोटीचा. बारा कोनी गोटी गंजून झिजलेल्या डोक्याचे कोपरे गोल करते, आणि एकदा डोकं गोल झालं की पुढचं सगळं काम दुप्पट. पहिला झटका सोडायच्या नाही, आवळायच्या दिशेने, अगदी हलका. गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. मग थोडं सैल, पुन्हा थोडं घट्ट, असं करत नट निघतो.

नट निघाला की नवखा माणूस निश्चिंत होतो. खरा प्रश्न तिथून सुरू होतो. बोल्टच्या डोक्याला पाना लावून जोर दिला की डोकं फिरतं, आणि हात सैल केला की सावकाश उलटं येऊन जागच्या जागी थांबतं. हे परत येणं बघायला शिकणं म्हणजे निम्मी विद्या. बोल्ट फिरलेलाच नसतो. तो नळीला चिकटलाय, नळी रबराला चिकटलीय, आणि रबर पिळून पुन्हा पूर्ववत होतंय. इथे कितीही फिरवलं तरी काही साधत नाही, आणि नुसतं वरून तेल ओतूनही नाही, कारण नळीची दोन्ही तोंडं कानांना घट्ट टेकलेली असतात आणि तेलाला आत जायला वाटच नसते. म्हणून पहारीने कान किंचित फाकवायचा, नळीचं तोंड उघडं करायचं आणि तिथे तेल सोडायचं. मग नट पुन्हा लावायचा, पण बोल्टच्या टोकाशी बरोबर समतल येईल एवढाच, म्हणजे घणाचा घाव आट्यांवर न पडता नटावर पडेल आणि टोक फुलून वाटेतच अडकणार नाही. घाव थोडे, सरळ आणि जड. हलक्या हातोडीचे पन्नास फटके टोक चेपतात. जड घणाचा एक फटका बोल्ट सरकवतो.

ताकदीचा हिशोब इथे करून टाकू. १२ मिलिमीटर जाडीचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट कसायला साधारण ८० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला जेमतेम आठ किलो वजन. पान्याला मीटरभर पाइप अडकवून ५० किलोचा माणूस त्यावर लटकला तर जवळजवळ ५०० न्यूटन-मीटर होतात. एवढ्यात बोल्ट सुटत नाही, तुटतो. पाइप लावून लटकणं हा गॅरेजमधला नेहमीचा देखावा आहे, आणि कानातच तुटून राहिलेले किती तरी बोल्ट त्याचंच फळ. उष्णतेचं गणितही असंच डोळे उघडणारं आहे. नळी ३०० अंशांनी तापवली तर १२ मिलिमीटरचं भोक मोठं होतं ते फक्त चार शतांश मिलिमीटरने. एवढ्याने बोल्ट सैल होत नाही. पण तापून-निवून गंजाच्या थराला तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत शिरतं. हा उपयोग खरा. मात्र लालबुंद झालेला बोल्ट पुन्हा बसवायचा नाही, कारण कारखान्यात दिलेलं त्याचं पाणी उतरलेलं असतं. आणि शेजारचा ब्रेकचा होज, शॉकअप, पेट्रोलची नळी यांच्याजवळ गॅसची ज्योत नेणं हा निव्वळ अविचार आहे.

मग सरळ कापून का टाकू नये, हा आक्षेप रास्त आहे, आणि पुष्कळदा तेच शहाणपणाचं असतं. कान आणि बुश यांच्यामधल्या फटीत पातळ पातं घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला की आर्म खाली येतो. बुश तसंही फेकायचंच असतं. नवा बोल्ट त्याच मापाचा, त्याच ग्रेडचा मिळणार असेल तर तासन् तास ठोकण्यापेक्षा पंधरा मिनिटांत कापणं स्वस्त. पण एक अट आहे: दुसऱ्या टोकाला सुटा नट असला पाहिजे. काही गाड्यांत नट सांगाड्याच्या बंद पेटीत वेल्डिंगने चिकटवलेला असतो. तिथे घाईने जोर दिला तर वेल्डिंग सुटतं, नट पेटीच्या आत बोल्टबरोबर गरगर फिरतो आणि त्याला धरायला जागाच नसते. मग पेटीला खिडकी पाडायची, नट धरायचा, काम झाल्यावर खिडकी पुन्हा वेल्ड करायची. हवेच्या गनने हे सगळं सोपं होतं असं म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की गन हिसके छान देते, पण नट सुटा आहे की वेल्ड केलेला, बोल्ट फिरतोय की रबर पिळतंय, हे तिला कळत नाही.

दुसरा आक्षेप मोठा आहे: एवढा खटाटोप करण्यापेक्षा अशी गाडी भंगारात का घालू नये? २०२१ सालच्या स्क्रॅपिंग धोरणाचा रोख तोच आहे, आणि २०२२ पासून १५ वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली. धुराच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने धोरणामागचा विचार मला पटतो. पण जी फिटनेस तपासणीत उत्तीर्ण होते, जिचं इंजिन धड आहे, ती गाडी एका बोल्टपायी मोडीत काढणं हा वेगळाच न्याय. वाड्या-वस्त्यांवरून दवाखान्यात, बाजारात आणि कॉलेजात माणसं पोचवणारं साधन म्हणजे बऱ्याच घरांत हीच जुनी गाडी. शिवाय फाटलेलं बुश घेऊन चालणारी गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते; बोल्ट निघत नाही म्हणून ती दुरुस्ती टळली तर धोका वाढतोच.

तेव्हा सगळा मुद्दा परत बसवण्यापाशी येतो. नवा बोल्ट कोरडा सारला तर दहा वर्षांनी कोणीतरी पुन्हा हाच दिवस घालवणार. बोल्टच्या दांड्यावर आणि नळीच्या आत अँटी-सीझ पेस्टचा पातळ हात फिरवायला एक मिनिटही लागत नाही. ती नसेल तर चांगलं लिथियम ग्रीस. ग्रीसने बोल्ट सैल पडेल, ही मिस्त्रींची शंका निराधार नाही. सांधा धरून ठेवतं ते नळीची तोंडं आणि कान यांच्यातलं घर्षण, म्हणून ती तोंडं कोरडी आणि स्वच्छच हवीत. आट्यांना ग्रीस लागलं तर त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून आटे पुसून घ्यायचे. रबरावर आलेलं ग्रीसही पुसायचं, कारण खनिज तेलाने रबर फुगतं. एवढी पथ्यं पाळली की शंकेला जागा उरत नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या पोरांना बोल्ट काढायला शिकवतात त्याच दिवशी हेही हाताने करून घेतलं पाहिजे, आणि गॅरेजवाल्यानेही बिलात त्याचे वेगळे पैसे लावावेत. ते मागायला त्याला संकोच वाटता कामा नये.

आणि गाडीच्या मालकाला एवढीच विनंती. बुश बदलायला द्याल तेव्हा जुना बोल्ट मागून घ्या आणि त्याचा मधला भाग बघा. तांबडा, खवल्या-खवल्यांचा असेल तर तो कोरडा बसवला होता. नवा बोल्ट आत जाण्याआधी त्यावर हात फिरला की नाही हे समोर उभं राहून पाहा. आणि शेवटचा नट कसताना गाडी जॅकवर लोंबकळत नको, चारी चाकांवर उभी पाहिजे. आर्म खाली लोंबत असताना नट कसला तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं, आणि नवं बुश लवकर फाटतं.